आडेकाकांचा न जुळणारा चेहरा

आमच्या घरात पाऊल टाकण्याआधी आडेकाका कंबरेचा पट्टा काढतात. मग मनगटावरचं घड्याळ, खिशातली नाणी, चष्म्याचं घर, किल्ल्या. हे सगळं ते दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवलेल्या माझ्या परातीत घालतात, दोन्ही हात पसरून उंबऱ्यात उभे राहतात आणि विचारतात, "येऊ काय, मॅडम?" मी "या" म्हटल्याशिवाय आत येत नाहीत. पहिल्या दिवशी माझ्या सासूबाईंनी हा प्रकार पाहिला आणि त्या तासभर देवघरातून बाहेर आल्या नाहीत. शेजारचा सत्तरीचा माणूस दारात पट्टा काढतो, याचा अर्थ त्या बिचारीने काय लावायचा?

"प्रॅक्टिस करून राह्यलो," काकांनी खुलासा केला. "विमानतळावर असंच करा लागते म्हणते. तिथं जाऊन गोंधळ कायले?"

विमान महिनाभरावर होतं. तोवर माझी कणीक दुसऱ्या परातीत मळली गेली.

काका आमच्या नेरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार हे माइकवरून सांगायचं, आणि उशिरा धावत येणाऱ्यांची बोलणी खायची, ही त्यांची नोकरी. सुटलेल्या गाडीमागे पळणारी माणसं तीस वर्षं पाहिल्यामुळे त्यांच्या मनात एक कायमची धास्ती बसली आहे. "गाडी थांबत नसते, मॅडम," हे वाक्य ते दुधाला उकळी येताना म्हणतात, माझ्या शाळेच्या निकालाबद्दल म्हणतात आणि गावात कुणी वारलं तरी म्हणतात. माझ्या नणंदेच्या लग्नाला ते मांडववाल्यांच्याही आधी आले होते. मग बांबू धरायला तेच लागले.

असा माणूस आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होता, आणि कारणही तसंच होतं. त्यांची एकुलती एक लेक वर्षा बेंगळुरूला असते. तिचं पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली. काकू जाऊन दोन वर्षं झालेली. सासरीही करणारं कुणी नाही. तेव्हा माहेरच लेकीकडे जाईल, असं काकांनी ठरवलं. डिंकाचे लाडू त्यांनी स्वतः वळले. काही गोळीबंद झाले, काही विटेसारखे. झबली, टोपरी, दुपटी बॅगेत भरली. डॉक्टरांनी सिझेरियनची तारीख दिली होती, त्याच्या दोन दिवस आधीचं तिकीट जावयाने काढलं.

आणि जाता जाता फोनवर त्याने सांगितलं, "बाबा, मोबाईलवर ते ॲप घेऊन ठेवा. तुमचा चेहरा दाखवला की दार उघडतं. लाइनीत उभं राहायची गरज नाही."

लाईन हा शब्द काकांनी ऐकला आणि त्यांची झोप उडाली. लाईन म्हणजे उशीर, उशीर म्हणजे गेलेली गाडी, गेलेली गाडी म्हणजे ऑपरेशनच्या खोलीबाहेर वर्षासाठी माहेरचं कुणी नाही. ते तडक माझ्याकडे आले. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. त्यामुळे गल्लीतला मोबाईल, मिक्सर आणि इन्व्हर्टर बिघडला तर मला कळतं, असा सगळ्यांचा समज आहे.

मी ॲप घेतलं. आधार जोडलं. तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवलं. शेवटी सेल्फी काढायची होती, म्हणजे आधारवरच्या फोटोशी मशीन ती ताडून पाहणार. काढली. उत्तर आलं, चेहरा जुळत नाही.

"म्हणजे मी मी नाही काय?" काकांनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

पुढचे तीन आठवडे मी हा चेहरा दुरुस्त करत होते. चष्मा काढून पाहिला. कवळी घालून पाहिली, काढून पाहिली. सकाळच्या उजेडात पूर्वेच्या भिंतीशी उभं केलं. ॲप म्हणे, डोळे मिचकवा. काका मिचकवू लागले आणि समोरच्या मानकरबाईंनी खिडकी धाडकन लावून घेतली. उत्तर तेच. काकांचा रक्तदाब वाढला. ते दिवसातून चारदा येत, चारदा पट्टा काढत आणि विचारत, "जुळला काय?" मधूनच वेगळी शंका. "मॅडम, विमानात खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येते काय?"

मग मी त्यांचं आधार कार्ड नीट पाहिलं. फोटोतला माणूस गुबगुबीत, झुपकेदार मिशीचा आणि चक्क दात दाखवून हसणारा. आधारवर कुणी असं हसतं? आमची सगळ्यांची तोंडं पोलीस चौकीतून काढून आणल्यासारखी असतात. समोर बसलेले काका सुकलेले. काकूंच्या दिवसांत मिशी उतरवली ती पुन्हा ठेवलीच नव्हती.

"मिशी वाढवा," मी फर्मान काढलं. त्यांनी वाढवली, तीही विद्यार्थ्याने गृहपाठ करावा तशी, रोज दाखवायला आणून. तरीही जुळेना.

"काका, सोपं आहे. आधार केंद्रात जा, नवा फोटो काढा. आठ दिवसांत काम होतं."

काका "जातो" म्हणाले. सोमवारी गर्दी होती. मंगळवारी केंद्र बंद होतं. बुधवारी लाईट नव्हती. गुरुवारी मी तिथल्या मुलीला फोन केला, तर केंद्र सगळे दिवस उघडं होतं आणि काका एकदाही फिरकले नव्हते. मी खवळले. ज्या माणसाला दहा मिनिटांचा उशीर सोसवत नाही, तो स्वतःच्या कामाला टाळाटाळ करतो आणि माझं डोकं खातो. शुक्रवारी रजा टाकून त्यांना स्कुटीवर बसवलं आणि तहसीलजवळच्या केंद्रात नेऊन उभं केलं.

नंबर आला. मुलगी म्हणाली, "बाबा, बसा इथं. समोर पाहा." काका बसले. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठले. "मले नाही काढायचा," म्हणाले आणि बाहेर चालते झाले.

झेरॉक्सच्या दुकानासमोरच्या बाकावर ते मला सापडले. मी तोंड उघडण्याआधीच बोलायला लागले.

"आधार नवं नवं निघालतं तेव्हा. शाळेत कॅम्प होता. मी ड्युटी सोडून गेलतो, सारा जीव स्टँडवर. तो ऑपरेटर म्हणे वर पाहा, अन् मी आपला घड्याळ पाहून राह्यलो. तीन खेपा फोटो फसला. मंग वर्षाची याडी त्याच्या मागं जाऊन उभी राह्यली अन् मोठ्यानं म्हणे, अमरावती फलाटाले लागली हो. मी एकदम मान वर केली. पाह्यतो तं काय, तोंडाले पदर लावून हासून राह्यली. मलेही हासू आलं. तेवढ्यात त्यानं बटन दाबलं."

याडी म्हणजे त्यांच्या गोरबोलीत, बंजारा बोलीत, आई. काकूंचा उल्लेख ते नेहमी लेकीची याडी असाच करतात.

"बटन त्यानं दाबलं, मॅडम, पण फोटो तिनं काढला. घरी तिचे फोटो आहेत, हारवाले. पण वर्षाची याडी समोर असताना मी कसा दिसत होतो, ते ह्या एकाच फोटोत आहे."

"मग जुनं कार्ड जपून ठेवा ना," मी म्हटलं. आवाज माझाच मला कोरडा लागला.

"कार्ड राहीन. पण उद्या मशीनले विचारलं, हा हासणारा कोण, तं मशीन म्हणीन, हा नाही. मंग तो माणूस गेलाच ना."

मला लाज वाटली. तीन आठवडे मी या माणसाला भिंतीशी उभं करून डोळे मिचकवायला लावत होते, आणि एकदाही विचारलं नव्हतं की फोटोत हसता कशाने. मी त्यांना स्कुटीवरून घरी आणलं. उतरताना काका म्हणाले, "लाइनीतच उभा राहीन. पण लाईन मोठी असली तं? गाडी थांबत नसते."

विमान दुपारी अडीचचं होतं. काका आदल्या दिवशीच नागपूरला जाऊन राहिले. विमानाच्या दिवशी शाळेत माझं लक्ष लागेना. प्रयोगशाळेत एक परीक्षानळी फुटली, तीही माझ्याच हातून. साडेअकराला फोन आला.

"मॅडम, घोळ झाला."

मी फोन घेऊन व्हरांड्यात आले.

"दारावरच्या जवानानं कार्ड पाह्यलं, मले पाह्यलं, पुन्हा कार्ड पाह्यलं. म्हणे, बाबा, ये आप ही हो? मी म्हटलं, हूं तो मैं ही, पर हंसानेवाली नहीं रही. त्यानं विचारलं, मतलब? मंग मी सांगत बसलो. सारं सांगतलं, कॅम्पपासून. मागं दहा-बारा लोकं उभे. मॅडम, म्या लाईन थांबवली."

"कुणी ओरडलं?"

"नाही ना. एका बाईनं तं बॅग खाली ठेवली अन् ऐकत राह्यली. अमरावती लग गई म्हटलं तसा तो जवान हासला. मलेही हासू आलं. त्यानं पुन्हा कार्ड पाह्यलं अन् म्हणे, हां, अब आप ही हो. जाओ." मग ते म्हणाले, "आत आलो. विमानाले तीन तास आहेत. मी गेटापाशी उभाच आहो."

मी शिक्षकखोलीत जाऊन नळाखाली तोंड धुतलं. साने मॅडमनी विचारलं, तेव्हा डोळ्यांत केमिकल गेलं म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी वर्षाला मुलगी झाली. काका खोलीबाहेर पहाटेपासून होते, असं जावयाने कळवलं. विटेसारखे लाडूही ती खाते आहे म्हणे, दुधात भिजवून.

काल पुन्हा काकांचा फोन. आवाजात तीच जुनी धास्ती.

"मॅडम, पोरीचं आधार काढणार आहेत. ते झोपूनच राह्यते, नाहीतं रडते. जावयाले म्हटलं, फोटोच्या टायमाले मले न्या, मी ऑपरेटरच्या मागं उभा राहीन."

"छान की, काका."

"छान काय? मले टेन्शन आलं. इथं अमरावती म्हटलं तं तिले काय समजन? ह्या गावात कोणती गाडी लागते, तेवढी इन्क्वायरी करा ना."