बांगड्याच्या आमटीची मोहीम

श्री। चूल प्रसन्न, समुद्र प्रसन्न। शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौष मासी जे वर्तमान जाहले ते ऐसे जे:

घाटाच्या वर, समुद्रापासोन शंभर कोसांवर एक राज्य होते. राज्य तीन खोल्यांचे, गॅलरी धरून साडेतीन. धनी राजश्री नीळकंठराव. परंतु खरा दरारा त्यांच्या मातोश्री मथुराबाईसाहेब यांचा. आमटीत मीठ कणभर कमी-जास्त जाहले तरी मातोश्री पानावरूनच सर्वांची हजेरी घेत आणि सूनबाई शर्वाणीबाई पाठीमागे डोळे मिचकावीत. परंतु वर्षामागे थोरले राव कैलासवासी जाहले त्या दिवसापासोन मातोश्री कशासही नाव ठेवीनाशा जाहल्या. दोन घास घ्यावे, "बरं आहे" म्हणावे आणि ताट सारावे. त्या "बरं आहे"ची रावांस जी धास्ती बसली ती शत्रूच्या तोफेचीही बसती ना. मातोश्रींच्या अंगावरची चोळी ढिली होत चालली, वैद्यांचा उपाय चालेना. मग हवापालट म्हणोन राव कुटुंबासह समुद्रतीरी उतरले, आणि तेथे कोचरेकरीण बाईंच्या खानावळीत बांगड्याची आमटी पानात पडली, आणि मातोश्रींनी भात कालविला, आणि सगळा खाल्ला, आणि वाटी पुढे करोन म्हणाल्या, "अजून आहे का गं?" हे ऐकोन राव हात धुण्याचे मिषे उठले आणि नळापाशी उभे राहिले, कारण डोळे भरोन आले होते.

राजधानीत परतताच ताट पुन्हा सरू लागले. तेव्हा राव, ज्यांनी जन्मात चहाखेरीज काही उकळिले नव्हते, प्रतिज्ञा करते जाहले की तीच आमटी आपल्या मुदपाकखान्यात सिद्ध करीन. रविवारी बाजारावर स्वारी केली, बर्फातले बांगडे धरोन आणिले, समुद्रतीराहून आणिलेली तिरफळाची पुडी फोडिली, आणि तिरफळ म्हणजे मिरीचेच भावंड ऐसे समजोन खोबरे-मिरचीबरोबर बियांसुद्धा मिक्सरात लोटिले. मग आमटी ऐसी जाहली की जिभेवर कडू आणि दाताखाली वाळू. मातोश्रींनी एक घास घेतला, "बरं आहे" म्हणाल्या आणि ताट सारिले. ऐसी शिकस्त त्या राज्यात पूर्वी जाहली नव्हती. राव गॅलरीत जाऊन बसले.

शर्वाणीबाई बोलिल्या, "अहो, रुसून आमटी होते का? ज्यांची आहे त्यांना विचारा की."

"आता काय तोंडाने विचारू?"

"ज्या तोंडाने तिथे खानावळीत तीन वाट्या ओरपल्यात, त्याच."

मग रावांनी अभिमान खुंटीस टांगिला आणि फोन लाविला. कोचरेकरीण बाईंनी हकीकत ऐकोन कपाळावर हात मारिला, तो आवाज घाट चढोन आला. "अरे देवा! तिरफळां वाटलात? तीय बियांसकट? ती काळी बी टाकून देवची, नुसती साल चेचून आमटी उतरताना घालूची! आणि बांगड्याचे डोळे बघून घेवा, चकचकीत असले तरच ताजो. तुमच्या आवशीक सांगा, पुढच्या वर्सा परत येवा म्हणून."

पुढील रविवारी राव एकेका बांगड्याच्या डोळ्यात पाहो लागले, तो मासेवाली म्हणाली, "दादा, घ्यायचाय का लग्न जमवायचंय?" राव हसले, आणि बहुता दिवसांनी हसले. घरी येऊन बिया टाकिल्या, साली चेचिल्या, आमटी उतरते समयी सोडिल्या, आणि सगळे घर समुद्रतीरीच्या दुपारीसारखे दरवळले. पान मांडिले. मातोश्रींनी एक घास घेतला. मग दुसरा. मग तिसरा घेतला आणि थांबल्या. आता "बरं आहे" येणार म्हणोन रावांनी डोळे मिटिले.

"नीळू," मातोश्री बोलिल्या, "कोकम कमी पडलंय. आणि हे वाटण म्हणायचं का रे? पुढच्या रविवारी बाजूला सरक, मी वाटते." आणि वाटी पुढे केली.

रावांनी घाईघाईने वाढिले, अर्धी आमटी ताटाबाहेर गेली, त्यावरही बोलणी बसली. पाठीमागे शर्वाणीबाईंनी वर्षानंतर डोळे मिचकाविले.

एणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आमटीस नावे ठेविली गेली, सबब राज्य सुखरूप आहे.