घराण्याचं आम्ल

माणसाचं भवितव्य त्याच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. निदान जेवणानंतरच्या तासाभराचं तरी. हा दामले सरांचा सिद्धांत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर शनिवार पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. छातीत जळजळतंय असं जिन्यात कुणी नुसतं म्हणावं, सरांचं दार उघडतं.

"मिरचीला नावं ठेवू नका. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात. ते किती बांधायचे, कधी चालवायचे, हे जनुकं ठरवतात. आजोबांना पित्त होतं का?"

"होतं बहुतेक."

"मग आमसुलाचं सार कशाला पिताय? आजोबांवर खटला भरा!"

एका मुलीच्या चहापोह्यांत त्यांनी मुलाच्या आत्याला सोडा लागतो का, असं विचारलं. तेव्हापासून त्यांना फक्त मुंजींना बोलावतात.

हा सिद्धांत थबकतो तो त्यांच्या मुलीपाशी. वसुधाला सर आणि काकूंनी तान्ही असताना अनाथाश्रमातून आणलं. हे तिला माहीत आहे, आणि पेठेलाही. पेठेला जरा जास्तच. काकू गेल्यानंतर सर एकदा मला म्हणाले, "नाक तिचं, रंग तिचा, आवाज तिचा. आमचं तिच्यात काही नाही हो. शोधून थकलो."

"हट्ट तुमचाच आहे की."

"तो शिकलेला. तो धरत नाहीत."

मागच्या दिवाळीत वसुधा नाशिकहून आली ती पोट धरूनच. माझीही जळजळ होतीच, म्हणून तिघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर नवीन होते.

"घरात कुणाला पित्ताचा त्रास?"

हा प्रश्न वसुधा लहानपणापासून ऐकत आली आहे. दर वेळी ती "माहीत नाही" म्हणते आणि खिडकीबाहेर बघते. याही वेळी तिनं मान वळवली.

"आहे," सर म्हणाले. "मला. माझ्या वडिलांनाही होता."

"बाबा..."

"तू गप्प बस. डॉक्टर, लिहा, आनुवंशिक."

डॉक्टरांनी लिहिलं.

येताना रिक्षात वसुधानं केसपेपर उघडून तो शब्द पुन्हा वाचला. मग सरांच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "तुमच्यामुळे भोगतेय हं मी हे सगळं."

"काय करणार बाळा, घराण्यातच आहे," सर म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सरांना उभ्या जन्मात आंबट ढेकर आलेला नाही.