चार बोटं उंच

रविवारी सकाळी दादांनी शेडचं दार सताड उघडलं, जीपमध्ये बसून मोठ्या ऐटीत किल्ली फिरवली, गिअर टाकला, आणि गाडी हातभर पुढे जाऊन धाडकन थांबली. वरून प्लास्टरचा एक पोपडा सुटून बॉनेटवर पडला. बाहेर उभ्या असलेल्या तिन्ही भावंडांनी आधी पोपड्याकडे पाहिलं, मग दारावरच्या लोखंडी तुळईकडे आणि मग दादांकडे.

"टप अडकलं वाटतं," दादा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले.

"वाटतं कसलं? अडकलंय!" मधला भाऊ म्हणाला. "दादा, ही गाडी याच दारातून आत गेली होती ना रे?"

"याच दारातून."

"मग काय, आत राहून वाढली?"

वाढली होती, हे खरंच होतं. आणि ती वाढवली होती दादांनीच, स्वतःच्या हातांनी, आठवडाभर खपून.

जीप मुळात अण्णांची, म्हणजे या चौघांच्या वडिलांची. अण्णा विजेच्या तारा तपासायच्या कामावर होते. ऑफिसने भंगारात काढलेली ही गाडी त्यांनी घेतली, जाड पत्र्याचं टप घरीच वेल्ड करून तिच्यावर बसवलं, आणि दर रविवारी बायको आणि चार पोरं आत कोंबून ते जुन्या दगडखाणीवर जाऊ लागले. खाणीत पाणी साठून सुंदर तळं झालं होतं. पुढे अण्णा गेले, आई गेली, जीप तेवढी दादांच्या शेडमध्ये राहिली, चौघांच्या मालकीची. चौघंही एकाच शहरात, पण भेट म्हणाल तर कोणाच्या लग्नात नाहीतर मयतीला. एरवी फोनवर "येऊ एकदा निवांत" म्हणायचं आणि फोन ठेवून द्यायचा. तो निवांतपणा कोणालाच कधी सापडला नाही.

अशात मधल्याने गिऱ्हाईक शोधून आणलं. मधला विमा कंपनीत, त्यामुळे घरात नुसती उभी असलेली कुठलीही वस्तू त्याला बघवत नसे. गिऱ्हाईक होता एक कोंबडीवाला. कोंबड्यांचं खाद्य वाहायला त्याला जीप हवी होती. दादांच्या तोंडचं पाणीच पळालं. अण्णांची गाडी आणि तिच्यात कोंबड्यांचं खाद्य! पण त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. गाडी गेली की चौघांचं मिळून असं काही उरणारच नव्हतं, आणि मग फोन तरी कशाला करायचा?

"अरे, अजून खाणीची चढण चढते ती!" दादा तावातावाने म्हणाले होते.

"चढते? गेल्या महिन्यात गाडी तपासायला म्हणून आपण दोघंच गेलो होतो, विसरलास? कासवावर जाऊन बसली."

कासव म्हणजे चढणीच्या मधोमध वर आलेला गोल खडक. ते नाव या पोरांनीच ठेवलेलं. जीपचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या त्या लोखंडी कमानी, इतक्या वर्षांत पार बसले होते. पोट खाली आलं होतं, आणि ते कासवाच्या पाठीला टेकत होतं. शेवटी ठरलं ते असं: रविवारी सगळ्यांसमोर गाडी खाणीवर चढली तर विकायची नाही. नाही चढली तर कोंबडीवाल्याने तिथूनच घेऊन जायची.

दादा नुकतेच निवृत्त झालेले. वेळ भरपूर, आणि हातात मोबाइल. मोबाइलवर उलटी टोपी घातलेला एक पोरगा रोज सांगायचा, "मित्रांनो, खिशाला परवडेल अशा खर्चात गाडी उंच करा! घरच्या घरी! मेकॅनिकची गरजच नाही!" दादांना तो पोरगा आपल्या मुलापेक्षा शहाणा वाटू लागला. त्यांनी भंगारबाजारातून ट्रकचे जुने पाटे आणले, कापून जीपच्या पाट्यांखाली एकेक जादा पाटा घातला, वर लोखंडी ठोकळे बसवले, लांब बोल्ट आवळले. हे सगळं शेडमध्ये, जॅकवर, गाडीखाली उताणं पडून.

"अहो, नळाचं वायसर बदललंत तेव्हा तीन दिवस शेजाऱ्यांकडून पाणी आणत होते मी," बायको म्हणाली. तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनी शिवणकाम करायच्या, आणि शेड रिकामी झाली तर तिथे मशीन मांडायचं, असं त्या येता-जाता ऐकवत.

"वायसर वेगळं आणि सस्पेन्शन वेगळं."

"हो ना. वायसर फुटलं तर नुसतं पाणी सांडतं."

बुधवारी मात्र गळ्यात टेप अडकवून वहिनी शेडच्या दाराशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि अवाक्षरही न बोलता आत गेल्या. बायको चक्क गप्प बसली म्हणजे कामात दम आहे, असं दादांनी समजून घेतलं. गाडी छान चार बोटं वर आली होती. सगळीकडून मापून झालं होतं. मापायचं राहिलं होतं ते फक्त दार.

"काढ ते ठोकळे," आता मधला म्हणाला.

"काढले तर कासवावर बसेल!"

"मग टप काढ."

"अण्णांचं वेल्डिंग आहे ते. शेड पडेल, टप निघायचं नाही."

"टायरची हवा सोडा," ताई म्हणाली. ताई दवाखान्यात परिचारिका होती. फुगलेलं काही दिसलं की तिला असंच सुचायचं. हवा सोडली. सूंऽऽ करत गाडी खाली आली, पण पुरेशी नाही. आणखी सोडली असती तर टायर रिमवरून उतरला असता. वहिनींनी तुळईखाली हात धरून बघितलं. "अजून तीन बोटं हवीत," त्यांनी जाहीर केलं.

"मग वजन टाकूया," धाकटी म्हणाली. तिला घरात चिमणी म्हणत. आता ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती. नाव तेवढं चिमणी राहिलं होतं, बाकी चिमणीसारखं काही राहिलं नव्हतं.

"कसलं वजन? घरात काय सिमेंटची पोती पडलीत?"

मग सगळ्यांचे डोळे हळूहळू चिमणीकडे वळले.

"माझ्याकडे काय बघताय? लाजा नाहीत वाटतं!" चिमणी फणकारली, पण चढली. पाटे करकरले. "बोटभर आली!" वहिनी ओरडल्या. चिमणीला आनंद व्हावा की राग यावा, हेच कळेना.

मग ताई चढली, ती थेट पुढच्या सीटवर.

"पुढे का? मागे वजन हवंय," मधला म्हणाला.

"मला गाडी लागते."

"अगं, पन्नाशी उलटली तुझी! आणि गाडी शेडमध्ये उभी आहे!"

"लागते म्हणजे लागते. पुढची जागा माझी. अण्णांनी दिलीय."

यावर अपील नव्हतं. मधला कुरकुरत मागून आत शिरला आणि चिमणीच्या शेजारी टेकायला गेला.

"तू पान्यांच्या पेटीवर," चिमणीने मुख्याध्यापिकेच्या आवाजात सांगितलं. "तीच तुझी जागा."

"माझा मणका—"

"पेटीवर!"

मधला पेटीवर बसला. पेटीच्या पत्र्यावर लहानपणी त्याने खिळ्याने कोरलेलं विमान अजून तिथेच होतं. तो त्यावरून अंगठा फिरवत राहिला. मणक्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

"अजून बोटभर!" वहिनी म्हणाल्या.

एवढ्यात ठरलेल्या वेळेवर कोंबडीवाले आले. भला गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, पोट ऐसपैस. मधल्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"या, या! बसा आत. गाडी नीट बघून घ्या."

"आतून?"

"आतूनच कळते गाडी."

ते बिचारे बसले. पाटे पुन्हा करकरले. उरलेल्या अर्ध्या बोटासाठी वहिनी स्वतः मागच्या पायरीवर चढल्या. "आता हळूच! हळू म्हणजे हळू!" दादांनी श्वास रोखून क्लच सोडला. तुळईने टपाचा थोडा रंग खरवडला आणि जीप उन्हात आली. आतल्या सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली. कोंबडीवाल्यांनीही ठोकली, आणि मग आपण का ओरडलो म्हणून ते जरा ओशाळले.

पायपंपाने हवा भरताना वाद झाला. पंप मारायची पाळी कोणाची, हा तोच जुना वाद होता. "गेल्या वेळी मी मारला होता," असं मधला अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि ती गेली वेळ म्हणजे तीसेक वर्षांपूर्वीची, हे लक्षात आल्यावर सगळे इतके हसले की पंप कोणालाच मारता येईना. शेवटी तो कोंबडीवाल्यांनी मारला.

खाणीच्या रस्त्याला लागेपर्यंत जो तो खड्ड्याखड्ड्याला "आई गं" करत होता. नवे पाटे भलतेच कडक निघाले. उलट्या टोपीच्या पोराने याबद्दल काही सांगितलं नव्हतं. चढण आली. दादांनी खालचा गिअर टाकला, घाम पुसला आणि गाडी घातली. निम्म्यात पोटाखालून खर्रर्र असा आवाज आला. जीप थांबली.

दादांनी पुन्हा जोर दिला. पुन्हा खर्रर्र.

"बसली," मधला म्हणाला, पण त्याच्या आवाजातही जोर नव्हता.

कोंबडीवाले खाकरले. "मग... कागद आज करायचे की उद्या?"

दादांनी स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. आठवडाभर गाडीखाली पडून पाठ आखडली होती, हात सोलवटले होते, आणि फळ काय, तर कासव. त्यांना खरोखर रडू आलं. "अण्णा कसे नेत होते रे?" ते तसेच म्हणाले. "आपण सगळे आत असायचो, आई असायची, वर सामान. आणि अण्णा एका दमात चढवायचे!"

"आत?" ताई म्हणाली. "आत कुठे असायचो आपण? कासव आलं की अण्णा ओरडायचे, 'फौज, खाली उतर!' विसरलास?"

"अगं हो!" चिमणी ताडकन उठली आणि तिचं डोकं टपाला आपटलं. "आणि आपण मागून पळायचो!"

"मी दगड घेऊन पळायचो," मधला हळूच म्हणाला. "गाडी मागे आली तर चाकाला लावायला. अण्णा म्हणायचे, तू नसलास तर आपण सगळे तळ्याऐवजी दरीत."

इतकी वर्षं दादांनी मनात एक चित्र जपलं होतं: भरलेली जीप, गाणारे अण्णा, एका दमात चढण. त्या चित्रातून सगळी फौज खाली उतरवायला त्यांना अंमळ वेळ लागला. मग ते ओरडले. आवाज थेट अण्णांचा निघाला.

"फौज, खाली उतर!"

फौज उतरली. ताई गुडघे धरून, चिमणी दार धरून, कोंबडीवाले पोट सांभाळत. ओझं उतरताच जीपने अंग सैल केल्यासारखं केलं आणि ती चार बोटं वर आली. मधल्याने इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चांगला मोठा दगड उचलला आणि मागच्या चाकाजवळ उभा राहिला. "मी आहे रे! घाल!" दादांनी गाडी घातली. कासवाच्या पाठीवरून ती न टेकता अलगद सरकली, आणि धुळीतून सगळे धापा टाकत, ओरडत, एकमेकांना ढकलत तिच्यामागे पळाले. तसं बघितलं तर ते पळणं नव्हतंच, फार तर भराभर चालणं म्हणता येईल. पण त्यांना ते पळणंच वाटत होतं.

तळं होतं तिथेच होतं, आठवणीतल्यापेक्षा बरंच लहान. वहिनींनी थर्मास काढला. चहा पिता पिता सूर्य माथ्यावर आला तरी कोणी घड्याळ बघितलं नाही. मधला आणि कोंबडीवाले पाण्यात चपटे दगड उडवत राहिले.

परत आल्यावर हवा सोडली आणि गाडी आत घालायला सगळे काही न सांगता आपापल्या जागी जाऊन बसले. निघताना कोंबडीवाले टपावर थाप मारून म्हणाले, "गाडी फर्स्ट क्लास आहे हो. ठरलं होतं तसं माझा हक्क संपला. पण खरं सांगू? तुम्ही दिली असतीत तरी मी घेतली नसती. ती दारातून काढायला एवढी माणसं लागतात. माझ्या घरी मी आणि माझी बायको."

"मग पुढच्या रविवारी तिला घेऊन इकडेच या," चिमणी म्हणाली. "तुमची जागा ठरलेलीच आहे."

मधला दाराच्या तुळईकडे बघत होता. "दादा, माझ्या ओळखीचा एक गवंडी आहे. ही तुळई वीतभर वर—"

"तुला कोणी सांगितलेत नसते उद्योग?" ताई एकदम कडाडली. मधल्याने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि गवंड्याचा विषय गिळून टाकला. "नाही, मी आपलं उगीच म्हटलं," तो म्हणाला. "रविवारी किती वाजता यायचं?"

सगळे गेल्यावर दादा शेडच्या उंबऱ्यावर बसले. वहिनी टपावरचा खरवडलेला रंग पुसत होत्या.

"नशीब म्हणायचं," दादा म्हणाले. "दाराचं माप घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मी घेतलं होतं. बुधवारी."

दादा बघतच राहिले. "म्हणजे गाडी बाहेर निघणार नाही, हे तुला ठाऊक होतं? आणि तू बोलली नाहीस?"

"बाहेर निघालीच नसती तर विकली कशी असती?" वहिनी फडकं झटकत म्हणाल्या. "याच गाडीवर गाडी चालवायला शिकवलं मला अण्णांनी. नवीन होते मी या घरात, कोणाशी बोलायचीही भीती वाटायची. ती गाडी मी कोंबड्यांना देईन होय?"

"अगं, पण शेड? तुझं मशीन?"

"मशीन आहे तिथे बरं आहे." वहिनींनी गळ्यातला टेप काढून टप आणि तुळई यांच्यातलं अंतर नीट मापलं, मनाशी काहीतरी हिशेब केला आणि विचारलं, "तो ट्रकचा पाटा उरलाय का थोडा?"

"उरलाय की. का?"

"मग एकेक आणखी घाला. आज भावंडांवर भागलं. जरा वर घेतली की पोरासोरांनाही यावं लागेल."