शंकू नंबर तीन

उमाठेबाबूंच्या जेवणाच्या डब्याला तीन कप्पे होते. एकात पोळ्या, दुसऱ्यात भाजी आणि तिसऱ्यात पाण्यात बुडवलेले दोन शंख.

शंख म्हटलेलं त्यांना खपत नसे. "शंख नाही बावा, शंकू. दगड झाला म्हणून का जात बदलते त्याची?" रेल्वेत असताना कच्छात रुळांच्या खोदकामात ते शंकूसारखे निमुळते, दगड झालेले समुद्री शिंपले त्यांना सापडले होते. एकाच्या माथ्यावर गाठींची रांग, दुसऱ्याचा माथा गुळगुळीत. या दोन जाती, की एकाच जातीचे दोन प्रकार, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि तो त्यांना झोपू देत नसे.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचो, ते स्टोअर सांभाळायचे. शाईची बाटली मागायला गेलं की आधी शंकू हातात ठेवत. "पहिले भिजव, मग बोल." ओला झाल्यावर दगडावरचे पुसट ठिपके दिसतात, म्हणून. हेच औषध ते सगळ्याला लावत. दोन बाबूंचं भांडण झालं तर दोघांना आधी पाणी पाजत आणि मगच तक्रार ऐकत. पाठीमागे आम्ही त्यांनाच शंख म्हणायचो.

एकदा ते मला म्हणाले, "डाव्या अंगाले गाठी अन् उजवं अंग गुळगुळीत, असा अर्ध्या गाठींचा एक भेटला पाहिजे, मनोहर. मंग जात एकच ठरते. कलकत्त्याच्या म्युझियमातल्या पंडितांले लिहून टाकतो."

मी तो बनवला. पुरीहून आईनं आणलेला एक शंकू होता. कानशीनं त्याच्या अर्ध्या गाठी घासल्या, तपकिरी शाईनं ठिपके काढले, चुना आणि मुरूम चोळला. कोक ओव्हनच्या भट्टीचा पाया खणताना सापडला असं सांगून टिफिनच्या वेळी त्यांच्या हातावर ठेवला. सगळं ऑफिस तोंड दाबून उभं होतं. आता ते भिजवतील आणि शाई सुटेल, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. पण त्यांनी मूठ मिटली आणि म्हणाले, "घरी पाहतो."

दुसऱ्या दिवसापासून ते डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊ लागले. त्यांच्या घरी दुसरं कोणी नव्हतं, भाजी स्वतः करत. निम्मी मला वाढत. मित्र लांबून डोळे मिचकावत आणि मी मान खाली घालून खात असे. खरं सांगायचं रोज ठरवायचो. तो नकली शंकू पाहून कलकत्त्याचे पंडित या माणसाला हसतील हे मला कळत होतं. तरी चार महिने मी मुकाट्यानं वांग्याची भाजी खाल्ली. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

त्यांची बदली झाली तेव्हा धीर करून क्वार्टरवर गेलो. ते सामान बांधत होते. खाटेवर काड्यापेटीएवढे तीन डबे होते, प्रत्येकावर चिठ्ठी. तिसरीवर लिहिलं होतं, "भिजवला. शाई सुटली. मनोहरनं आणून दिला." तारीख मी तो दिला त्याच दिवसाची.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या शाईची बाटली म्याच नाही का देल्ली तुले?" ते दोरी आवळत म्हणाले. "कलकत्त्याले दोनच धाडले होते. कालच परत आले, पंडित अर्ध्या गाठींचा खरा एक पाहिजे म्हणून राहिले."

"मग हा ठेवला कशाला?"

"अर्ध्याच गाठी घासल्या तू. उजव्या अंगाच्या, म्या सांगतलं होतं तशाच." त्यांनी तो डबा उचलला, कपड्यांच्या घडीत नीट ठेवला. "लोक हो-हो करतात, पोरा. तू आयकलं होतं."

माफी मागायला गेलो होतो. ती राहूनच गेली. मी फक्त दोरीचं दुसरं टोक धरलं.