गुळभेंडीचा गुन्हा

"आमी डोळे मिटून जेवढं बघतो, तेवढं लोकांना डोळे फाडून दिसत न्हाय," असं म्हणून दत्तोपंतांनी खाजाच्या मोटारसायकलवर मागं बसल्या बसल्या खरोखरच डोळे मिटले. आपली नजर घारीची, कान सशाचे आणि मेंदू कशाचा हे शास्त्राला अजून ठरवता आलेलं नाही, असं ते स्वतःच सांगत. एका साखर कारखान्याच्या गेटवर उभी हयात लोकांच्या पिशव्या तपासून ते निवृत्त झाले आणि पिंपळीतल्या घरावर त्यांनी पाटी लावली: 'खाजगी गुप्तहेर. बारामती, इंदापूर आणि उर्वरित जग.' उर्वरित जगातून अजून कोणी आलं नव्हतं. बारामतीतून एकजण आला होता, पण तो पत्ता विचारायला.

खाजाचं पंक्चरचं दुकान नेमकं त्या पाटीच्या समोर होतं, एवढ्या एका अपराधापायी तो पंतांचा सहायक झाला होता. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं आणि डोकं पंतांचं, अशी वाटणी होती. या खेपेला मात्र तो आपणहून पंतांना घेऊन निघाला होता, कारण प्रकरण घरचं होतं.

त्याची भाभी नसरीन दिवसभर बारामतीत कापडाच्या दुकानात कामाला असे. थंडीत पुण्याची माणसं भिगवणला पक्षी बघायला लोटतात, ती वाटेत आपल्या रानात हुरडा खायला का थांबू नयेत, असं तिच्या मनात आलं. तिनं विहिरीकडच्या तुकड्यात गुळभेंडी, म्हणजे हुरड्याचा खास गोड जोंधळा, पेरायला लावला. चटण्या कुटल्या. रविवारी पुण्याची एक बस यायचंही ठरवून टाकलं. हुरड्याला कोण पैसे देतंय म्हणून सगळं गाव हसलं, त्यात तिचा नवरा मुजफ्फर सगळ्यात आधी. आणि आता रविवार तोंडावर आला, तर रानात जोंधळ्याची ताटं नुसती उभी आणि निम्म्याहून जास्त कणसं गायब.

"लोक हसले त्याचं मला काय न्हाय, तात्या," नसरीन पंतांना म्हणाली. "पण आलेला पाहुणा उपाशी परत गेला, तर मी पुन्हा कशाला हात घालायची न्हाय."

हे ऐकून खाजा भाभीला धीर देऊ लागला. पंतांच्या मात्र अंगात संचारलं.

बांधाशेजारी राखेनं भरलेला एक खड्डा होता. पंतांनी राख बोटावर घेतली, हुंगली आणि चोरानं पुरावे जाळल्याचं जाहीर केलं. मुजफ्फर म्हणाला की ती हुरडा भाजायची आपलीच आगटी आहे, रविवारचा सराव म्हणून तो रोज दुपारी पेटवतो. पंतांनी ही माहिती बिनकामाची म्हणून सोडून दिली. मग त्यांना मातीत एक ठसा दिसला.

"वजनदार इसम. डावी टाच घासत चालतो. स्वतःला लई शहाणा समजतो."

खाजानं ठशाकडं पाहिलं, पंतांच्या डाव्या चपलेकडं पाहिलं आणि पायानं तो ठसा पुसून टाकला. गाडीवर परत दोघांनाच जायचं होतं.

पुढं तपासानं वेग घेतला. आधी संशय पोपटांवर होता. पण पोपट दाणे टिपतो, कणीस देठापासून कापत नाही, हे खाजानं लक्षात आणून दिल्यावर पंतांनी त्या पोपटांना शिकवणारा कोणी असावा असा शोध लावला. मग हुरडा डब्यात भरून परदेशी पाठवणारी टोळी आली, तिच्यासाठी लोणी देवकरच्या कारखान्यांच्या गेटवर एक सकाळ उभं राहून झालं. तिथल्या वॉचमननं उलट पंतांचीच पिशवी तपासली. शेवटी संशय भिगवणच्या रोहित पक्ष्यांवर आला. एवढ्या लांबून उडत आलेला पक्षी भुकेला असणारच, असं पंतांचं म्हणणं.

"तात्या, रोहित चिखलातलं खातो. जोंधळा न्हाय खात."

"हे तुला रोहितानं सांगितलं का?"

त्यामुळं दोघं भिगवणला गेले. पंतांनी नावेत बसून दोन तास संशयितांवर नजर ठेवली, शेंगा खाल्ल्या आणि पक्षी निर्दोष आहेत, शिवाय फार देखणे आहेत, असा निर्वाळा दिला. दुसऱ्या दिवशी, चोर पापक्षालनाला जाणारच या तर्कानं, ते नरसिंहपूरला संगमावर जाऊन आले. प्रसाद चांगला होता. चोर मिळाला नाही.

शनिवारी संध्याकाळी खाजा त्यांना घरी सोडायला गेला, तेव्हा अंगणात पंतांच्या पत्नी मंदाकिनीकाकू टॉवेल घासत बसल्या होत्या. भिगवणचे पक्षी दाखवा म्हणून त्या लग्न झाल्यापासून सांगत होत्या आणि पंतांनी दाखवले खाजाला, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"चोर घावला का?" त्यांनी विचारलं.

पंत म्हणाले, जाळं आवळत आणलंय.

"मग आधी हे बघा." काकूंनी टॉवेल वर धरला. त्यावर दोन काळे पंजे स्वच्छ उमटले होते. "गेल्या मंगळवारचं हाय. भाजलेलं कणीस चोळल्याबिगर हात असा काळा होत न्हाय. कुठं खाल्ला हुरडा?"

मंगळवारी मुजफ्फरनं रस्त्यात गाठून 'या की हुरडा खायला' म्हणून आग्रह केला, तेव्हा थोडा खाल्ला होता, असं पंत म्हणाले. पण ती चोरी नव्हे, तो पाहुणचार.

"नळावर विचारलं मी. प्रत्येक घरचा टॉवेल काळा हाय," काकू म्हणाल्या.

खाजा तसाच रानात गेला. मुजफ्फरला काही लपवायचंच नव्हतं. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला त्यानं बोलावलं होतं, आणि बोलावलेला प्रत्येक जण आला होता.

"अरे, मग चोरी चोरी म्हणून आमच्यासंगं शोधत काय होतास?"

"चोरी येगळी," मुजफ्फर चकित होऊन म्हणाला. "हे तर पाहुणे. पाहुण्यानं खाल्लेलं कुणी धरतं का?"

नसरीन बांधावर बसून हे सगळं ऐकत होती. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. तोवर मंदाकिनीकाकू मात्र दारोदार फिरून आल्या होत्या. त्यांनीही सगळ्यांना आमंत्रणच दिलं: रविवारी या की हुरड्याला, फक्त येताना आपल्या रानातल्या कणसांचा एक भारा घेऊन या.

रविवारी बसच्या आधी भारे आले. हसलेलं सगळं गाव आगटीभोवती बसून कणसं चोळू लागलं. त्यात गुळभेंडी किती आणि साधा शाळू किती, हे पुण्याच्या माणसांना कळणार नाही, असं पंत म्हणाले. सगळ्या तपासातलं त्यांचं तेवढं एक अनुमान बरोबर निघालं. पाहुणे पोटभर खाऊन उठले आणि दोघातिघांनी तिथंच पुढच्या रविवारचं विचारलं. नसरीनचे डोळे भरून आले, आणि काळ्या हातानं पुसल्यामुळं तोंडही काळं झालं.

बस भिगवणला पक्षी बघायला निघाली, तसा मुजफ्फर दाराशी गेला. "पैशाचं काय घेऊन बसलाय, पुढल्या येळंला असंच या की..."

नसरीननं मूठभर हुरडा त्याच्या तोंडात कोंबला. "फोन करून या," ती बसला म्हणाली.

खिडकीजवळ, नसरीननं खास राखून ठेवलेल्या जागेवर मंदाकिनीकाकू बसल्या होत्या. त्यांना परत आणायला खाजा गाडी घेऊन मागोमाग निघाला. पंत मागच्या सीटवर टांग टाकणार, एवढ्यात काकूंनी काचेतून डोकं बाहेर काढलं.

"तुमी घरी जावा. टॉवेल बादलीत भिजत घातलाय. पुरावा नीट घासा."