कार्कासोनच्या गेटवर दोन व्याही

कार्कासोन हे फ्रान्समधलं मध्ययुगीन शहर मला आमच्या घराजवळच्या रांझीच्या बाजारापेक्षा जास्त पाठ आहे! रांझीत मी अजून चुकतो. भाजीच्या गल्लीत शिरतो आणि पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर निघतो. पण कार्कासोनची दुहेरी तटबंदी, तिचे बुरूज, कुठला भाग रोमनांचा आणि कुठला नंतरच्या राजांचा, कुठल्या चर्चमध्ये कुठल्या बाजूला कोणत्या रंगाच्या काचा, काहीही विचारा. आजवर कोणी विचारलेलं नाही, पण विचारा.

एवढं ठणकावून बोलण्याची मला सवय नाही. रिक्षावाल्याला "थांबा" म्हणायचा धीर होत नाही म्हणून एक चौक पुढे उतरून परत चालत येणाऱ्यांपैकी मी आहे. खमरियाच्या दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत ड्रॉइंग ऑफिसात सगळी नोकरी केली. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझं कौतुक केलं ते दुसऱ्याच कोणाचं तरी नाव घेऊन. मी मध्ये बोललो नाही. ज्याचं नाव घेतलं तो माणूसही चांगलाच होता.

तर असा मी उरलेला वेळ वाचनात घालवला आणि वाचता वाचता कार्कासोनवर येऊन अडकलो. का, ते विचारू नका. लोक पत्त्यांत अडकतात, मी तटबंदीत अडकलो. आमच्या सौभाग्यवतींचं, म्हणजे बेबीचं, यावर एकच म्हणणं होतं: एवढं वाचून झालं काय? हा प्रश्न ती भांडून विचारत नसे. माझ्या पुस्तकांवरची धूळ झटकताना सहज विचारायची, आणि त्यामुळे तो जास्त लागायचा.

मग आमची प्रणोती नोकरीसाठी तुलूझला गेली. तिथून रेल्वेने कार्कासोन तासाभरावर! देवाला माझी दया आली असावी किंवा त्याला थोडी करमणूक हवी असावी. या उन्हाळ्यात मुलीने आणि जावयाने दोन्हीकडच्या आईवडिलांना एकदमच बोलावून घेतलं.

आता दोन्हीकडचे म्हणजे कोण, ते सांगायला हवं. जावई अश्वजीत. त्याचे वडील गुलाबराव आमच्याच फॅक्टरीच्या गेटवर दरबान होते. सकाळी मी सायकल लावायची, मोबाईल काउंटरवर जमा करायचा, टोकन घ्यायचं, हात वर करून उभं राहायचं आणि गुलाबरावांनी माझे खिसे चाचपायचे, हा आमचा नोकरीभरचा परिचय. जगात व्याह्यांची ओळख बैठकीत होते, आमची अंगझडतीत झाली. मुलांनी लग्न ठरवलं तेव्हा गुलाबराव सर्वांसमक्ष म्हणाले होते, "व्याहीजींची कुठून काय माहिती काढायची? यांच्या खिशात रुमाल आन् चष्म्याच्या घराशिवाय कधी काही निघालं नाही." आजवर मला कोणी दिलेलं हे सर्वांत चांगलं प्रशस्तिपत्र आहे.

कार्कासोनला जायचं ठरलं तेव्हा मुलांना सुट्टी नव्हती. प्रणोतीने आम्हा चौघांसाठी इंग्रजी बोलणारा गाइड ठरवायला घेतला. आणि मी, आयुष्यात प्रथमच, मोठ्या आवाजात म्हणालो, "गाइड कशाला? मी आहे ना!" घरात शांतता पसरली. अश्वजीतने पंखा बंद झाला की काय म्हणून वर पाहिलं. तिथे पंखा नव्हताच.

मला खरं म्हणजे एवढंच हवं होतं: एक दिवस मी पुढे चालावं, बेबीने मागून यावं, मी बोट दाखवावं आणि तिने तिकडे पाहावं. वाचून झालं काय, याचं उत्तर तिला तोंडाने न देता दगडांत दाखवावं. त्यासाठी मी आठवडाभर न्हाणीघरात भाषणाचा सराव केला. पोलिसापासून पुजाऱ्यापर्यंत कोणी अडवलंच तर असावीत म्हणून चार वाक्यं फ्रेंचमध्येही पाठ केली. चारही तटबंदीविषयीची होती. दुसऱ्या कशाची गरज पडेल असं वाटलंच नाही.

स्टेशनातून बाहेर पडलो, नदीवरच्या जुन्या पुलावर आलो आणि समोर टेकडीवर ते दिसलं. बुरूज, टोकदार छपरं, दोन तट. मी भाषण सुरू केलं. शार्लमेन राजापर्यंत पोचलो नाही तोच विहीणबाईंनी, म्हणजे सुमनबाईंनी, इथे बाथरूम कुठे असेल असं विचारलं. एवढ्या ग्रंथांपैकी एकाही ग्रंथकाराला ही गोष्ट नोंदवावीशी वाटलेली नाही. बेबीने समोरच्या कॉफीच्या दुकानात हातवारे करून ती चुटकीसरशी शोधली. पहिला गुण विरोधी पक्षाला.

मग आम्ही मुख्य दरवाज्याशी आलो. दोन प्रचंड बुरूज, मध्ये पूल, आणि पुलाच्या तोंडाशी एक उंचापुरा सैनिक. अंगात साखळ्यांचं चिलखत, डोक्यावर लोखंडी टोप, एका हातात भाला, दुसऱ्या हातात वेताची टोपली. हा गृहस्थ संध्याकाळच्या घोड्यांच्या खेळाची पत्रकं वाटणारा होता, हे मला पुढे कळलं. टोपलीत ती पत्रकंच होती. पण भिंत, गेट, गेटवर वर्दीवाला! आमच्या हाडांत काय मुरलंय ते तुम्हाला कळणार नाही. त्यासाठी फॅक्टरीत नोकरी करावी लागते. मी काही ठरवण्याआधीच माझा हात खिशात गेला, मोबाईल बाहेर आला, टोपलीत पडला आणि दोन्ही हात आपोआप वर झाले.

बायकाही मागे राहिल्या नाहीत. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहून त्याही गेटला सरावलेल्या. सैनिक क्षणभर गोंधळला. मग त्याला ही काहीतरी गंमत वाटली असावी. त्याने भाला बगलेत धरला आणि लोखंडी पंजाने माझे खिसे चाचपले. ते पाहून गुलाबरावांचा जीव कासावीस झाला.

"असं नसते भाऊ," ते त्याला मराठीत म्हणाले, "खांद्यापासून खाली या. कमरेला थांबा. हे काय, गाय कुरवाळून राहिले का?"

आणि त्यांनी माझ्यावर प्रात्यक्षिक दाखवलं. बऱ्याच वर्षांनी, परदेशात, तेच हात! मला भरून आलं आणि गुदगुल्याही झाल्या.

इतक्यात मागे पाहतो तर रांग! आमच्या मागच्या जर्मन जोडप्याने आम्हाला पाहून मोबाईल बाहेर काढले होते. त्यांना पाहून स्पॅनिश बायकांच्या एका घोळक्याने काढले. त्यांना पाहून त्यांच्या मागच्यांनी. नियम कोणाचा, कशासाठी, असं एकानेही विचारलं नाही. युरोपातल्या लोकांना प्रश्न विचारायची फार सवय असते असं मी वाचलं होतं. सगळे हात वर करून उभे होते, जणू समोर भला मोठा योगवर्ग भरला होता.

मी गुलाबरावांच्या कानाशी लागून पुटपुटलो की, हे इथं लागू नाही, हे पर्यटनस्थळ आहे. पण मी पुटपुटलो म्हणजे काय, ते तुम्हाला आता कळलंच असेल. गुलाबराव निवृत्तीनंतर प्रथमच ताठ उभे होते. त्यांनी बायकांची रांग वेगळी केली आणि तिच्या तोंडाशी सुमनबाईंना बसवलं. टोकन म्हणून एकेक पत्रक फाडून अर्धं मोबाईलला गुंडाळायचं, अर्धं मालकाच्या हाती द्यायचं, ही पद्धत त्यांनी जागच्या जागी बसवली. लोक खुशीत "मेर्सी, मेर्सी" असे आभार मानत आत जाऊ लागले. सैनिक फक्त टोपली धरून होता, आणि ती जड होत चालली होती.

थोड्या वेळाने आतून शिंग वाजलं. सैनिकाला त्याच्या मिरवणुकीला जायचं होतं. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. जो माणूस नाही म्हणू शकणार नाही, तो अशा वेळी जगभरच्या लोकांना कसा ओळखू येतो देव जाणे. त्याने मला पुलाच्या कठड्यावर बसवलं, टोपली माझ्या मांडीवर ठेवली, पाच मिनिटांत येतो असं फ्रेंचमध्ये म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही.

तरीही सगळं ठीक झालं असतं. पण माझ्या वाचनाने दगा दिला. मला एकदम आठवलं की या शहराला पलीकडे दुसरा दरवाजा आहे! पश्चिमेला, नदीच्या बाजूचा. इथून आत गेलेली निम्मी माणसं तिथून बाहेर पडणार आणि त्यांचे मोबाईल माझ्या मांडीवर राहणार. हे न वाचलेला माणूस किती सुखात बसला असता!

मी गुलाबरावांना हे सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "दुसरं गेट आहे आन् तिथं माणूस नाही?" ते म्हणाले. "चलो, मी जातो." आणि ते आत पळाले.

राहिलो मी, बेबी आणि सुमनबाई. टोपली सोडता येईना, आणि ती घेऊन आत शिरावं तर ज्यांना याच गेटवर परत यायचं ते कोणाला शोधणार? बेबीने माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. माझा दिवस माझ्या डोळ्यांदेखत माझ्याशिवाय आत चालला होता.

"तुम्ही दोघी या पाहून," मी म्हणालो. "सरळ चढ चढा, समोर किल्ला. तिथून डावीकडे वळलं की चर्च. चर्चमध्ये उत्तरेच्या गोल खिडकीत निळ्या काचा आहेत, त्या उन्हात पाहा. आणि दोन तटांच्या मधून थोडं चाला."

"लिहून देता का?" बेबी म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "राहू द्या, राहील लक्षात." आणि त्या दोघी गेल्या.

पुढचा बराच वेळ मी एका बुरुजाच्या सावलीत, ज्याचा सगळा इतिहास मला ठाऊक होता, अनोळखी लोकांचे मोबाईल मांडीवर घेऊन बसलो. ते वाजत होते. कोणी बासरी वाजवत होतं, कोणी कुत्र्यासारखं भुंकत होतं. तळाशी माझाही वाजला, प्रणोती असणार. मी हात घातला आणि भलताच उचलला. पलीकडून एक जर्मन बाई माझ्यावर बराच वेळ ओरडली. मी तिची माफी मागितली, मराठीत. इथे कोणाला कळणार नाही म्हणून मनापासून मागता आली.

मग दोन पोलीस आले. तेही बरोबरच होतं म्हणा. गेटशी बसलेला, घाम आलेला, सावळा म्हातारा, आणि टोपलीभर मोबाईल. यातून दुसरा कुठला अर्थ काढायचा? त्यातल्या थोराड पोलिसाने मला काहीतरी विचारलं. मी उभा राहिलो. इंग्रजी आठवेना, हिंदी आठवेना. आठवली ती न्हाणीघरात पाठ केलेली चार फ्रेंच वाक्यं. मी म्हणालो, "आतली तटबंदी रोमनांच्या काळातली आहे."

पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पुढचं म्हणालो: "बाहेरची तटबंदी नंतर, तेराव्या शतकात बांधली." तरुण पोलिसाने वायरलेस खाली केला. मी तिसरं म्हटलं, चौथं म्हटलं आणि त्यांनी पुन्हा काही विचारल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. थोराड पोलीस भिंतीकडे पाहू लागला. मी बोट दाखवलं तिकडे बघायचा. एवढी तयारी केलेल्या भाषणाला अखेर श्रोता मिळाला, आणि तो मला पकडायला आलेला होता.

अटक एवढ्यावर टळली नसती. टळली ती गुलाबरावांमुळे. पलीकडच्या दरवाज्यावर त्यांनी लोकांना अडवलं होतं आणि आता ते सगळ्यांना दोन-दोनच्या रांगेत घेऊन येत होते. पुढे गुलाबराव, मागे जर्मन, स्पॅनिश आणि आणखी कोणकोण, प्रत्येकाच्या हातात अर्धं पत्रक. मिरवणुकीतला आमचा सैनिकही सर्वांत मागे, खाली मान घालून. गुलाबरावांनी पोलिसांची वर्दी पाहिली, खाडकन पाय जुळवले आणि सलाम ठोकला. त्या दोघांचेही हात आपसूक सलामाला वर गेले. पुढची चौकशी गुलाबरावांनीच केली म्हटलं तरी चालेल. टोकन दाखवा, मोबाईल घ्या, पुढे सरका. एकही मोबाईल इकडचा तिकडे झाला नाही. शेवटी पोलिसांनी त्यांच्याबरोबर फोटो काढला. मी टोपली धरून बाजूला होतो. फोटोत टोपली आली आहे.

तोवर परतीच्या गाडीची वेळ झाली होती. बेबी आणि सुमनबाई उतरून आल्या, हातात बिस्किटांचे डबे. आत त्या स्पॅनिश बायका भेटल्या म्हणे, त्यांच्याबरोबर गाणी झाली. मी पुलावरून एकदा मागे वळून पाहिलं. ऊन नेमकं त्या दरवाज्यावर पडलं होतं, ज्याच्या आत मी पाऊल टाकलं नव्हतं.

गाडीत बेबी माझ्याजवळ बसली. मग हळूच म्हणाली, "अहो, सगळं तिथंच होतं."

"काय?"

"तुम्ही सांगितलं ते. सरळ चढावर किल्ला, डाव्या हाताला चर्च. निळी काच उत्तरेलाच होती, मी सूर्य पाहून ताडून पाहिलं. स्पॅनिश बायकांना मीच नेलं. त्या मला गाइड समजून राहिल्या होत्या. एक दगड इकडचा तिकडं नव्हता."

इतक्या वर्षांच्या धुळीचं सार्थक झालं! मी चष्मा काढून पुसला. आता ती पुढे काय म्हणेल, त्यासाठी मी जरा सरसावून बसलो.

"मी सुमनबाईंना तेच म्हटलं," बेबी म्हणाली. "बरं झालं हे बाहेर बसले. यांना घरबसल्या सगळं दिसते, आत येऊन करायचं काय होतं?"

आता घरी परतल्यावर आमच्या विजय नगरात लोक विचारतात, कार्कासोन कसं आहे हो? बेबी आतून चहा आणता आणता त्यांना किल्ला, चर्च, तटामधली वाट, सगळं रंगवून सांगते आणि फार छान सांगते. मग ते कौतुकाने माझ्याकडे वळतात, तुमचं काय मत? मी म्हणतो, गेट चांगलं मजबूत आहे.