खंडाळ्याचा झोपाळा

जालूनाना लोखंडी खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करतात. जोडांवरून अंगठा फिरवतात, मग सुलटी करून बसतात. हॉटेलात, लग्नात, बँकेतसुद्धा. माधवनगरला आम्ही शेजारी, त्यामुळे मला आता त्याचं काही वाटत नाही.

नाना कारखान्यांचे बॉयलर, टाक्या, पाइप तपासतात. वस्तू न तोडता तिच्यातली चीर शोधायची, हे त्यांचं काम. "लय चकचकीत हाय," असं कुणी म्हटलं की नाना हमखास म्हणणार, "मग तर बघायलाच पायजे."

बायको गेल्यावर रेश्माला त्यांनी एकट्यानं वाढवलं. ती मिरजेत नर्स आहे. तिला साताऱ्याकडच्या खंडाळ्याचं स्थळ आलं, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली आणि आम्ही दोघं मुलाचं घर बघायला निघालो. गाडीत बसताना मी बजावलं, "नाना, आज काही तपासायचं नाही."

"न्हाई रं," म्हणाले. कामाची पिशवी मात्र मांडीवर.

तिथं हॉलमध्ये स्टीलचा झोपाळा, त्यावर मुलाचे आजोबा. पोहे आले. नानांनी बशी हातात घेतली आणि नजर झोपाळ्याच्या कडीला लावली. 

"आजोबा, जरा उतरा."

"का?"

"उतरा आवं!"

आजोबा दचकून उतरले. नाना स्टुलावर चढले (तेही आधी उलटं करून), कडी पुसली आणि पिशवीतल्या डब्यानं तिच्यावर लालभडक रंग फवारला. थेंब खालच्या पांढऱ्या गादीवर पडले. मुलाची आई किंचाळलीच. वडील उठून उभे राहिले. "अवं, पोरगी द्यायला आलाय का झोपाळा घ्यायला?"

"धा मिनटं थांबा."

ती दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही.  नाना शांतपणे पोहे खात होते. मग त्यांनी रंग पुसला, वरून पांढरा फवारा मारला. बघता बघता त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली आणि निम्म्या जोडाला वळसा घालून गेली.

"वेल्डिंग चिरलंय, चिरीत मुरलेला लाल रंग भाईर आलाय. ह्यावर कुणी बसू नका."

आजोबा जाऊन सोफ्यावर बसले. "आमी कळवतो," एवढंच वडील म्हणाले.

परतताना मी भडकलो. "नाना, पोरीचं लग्न मोडलंत तुम्ही!"

नानांनी मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाले, "तिची आई असती, तर त्या बाईंना बाजूला घिऊन चार गोष्टी बोलली असती. पोरगी कशी हाय ते सांगितलं असतं. मला न्हाई जमत. मला लोखंडच कळतं."

साताऱ्याच्या पुढं नानांचा फोन वाजला, त्यांनी स्पीकर लावला. मुलाची आई. 

"भाऊ, वेल्डर आलावता. नुस्ता हिसका दिला तर कडी त्येच्या हातात आली. मामंजी रोज दुपारी तिथंच झोपत्यात वो." मग म्हणाल्या, "रेश्मा घरी यायच्या आधी तिचं काय ते सांगून ठेवा. काय आवडतं, काय न्हाई."



"कारलं खात न्हाई," नाना म्हणाले. "रातपाळीवरनं आली की अंधार करून झोपती, तवा हाक मारू नका. चहा गार करून पिती. आईची आठवण आली की घासलेली भांडी परत घासत बसती. तवा इचारायचं काय न्हाई, नुस्तं जवळ थांबायचं..."

कराड येईपर्यंत नाना बोलत होते. पलीकडून मधून मधून "व्हय, व्हय" येत होतं. फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसले.

"लय बोललो का रं?"